रमाबाईंनी राग कुठं ठेवला?

राग आला तर बोलून मोकळं व्हावं, की गिळून गप्प बसावं? घरोघरी हा प्रश्न रोज सुटतो आणि रोज नव्यानं पडतो. जुनी माणसं सांगायची, चार शब्द पोटात घालावेत, घर टिकतं. नव्या पिढीला डॉक्टर सांगतात, पोटात घातलेले शब्द रक्तदाब होऊन बाहेर येतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच सामान्य माणसाची पंचाईत होते. बोलावं तर माणसं तुटतात. न बोलावं तर आपण तुटतो.

या पेचातून निभावून गेलेल्या एका बाईची गोष्ट आज सांगायची आहे. तिचं नाव आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे. २०१२ मध्ये छोट्या पडद्यावर तिच्या आयुष्यावरची मालिका घराघरांत पाहिली गेली. सेवासदनाच्या कामामुळं महाराष्ट्र तिला ओळखतो. पण रमाबाई रानडे म्हटलं की आपल्याला न्यायमूर्तींची सावली आठवते, नाहीतर समाजसेविकेचा पुतळा आठवतो. या दोहोंच्या मधे एक हाडामांसाची बाई होती. तिला राग येत होता, रडू येत होतं, अपमान झोंबत होता. त्या सगळ्याचं तिनं काय केलं, हे बघण्यासारखं आहे.

नको असलेलं लग्न

सातारा जिल्ह्यातलं (आता सांगली जिल्ह्यातलं) देवराष्ट्रे हे गाव. तिथल्या कुर्लेकरांच्या घरात २५ जानेवारी १८६२ रोजी यमुना जन्मली. मुलींना शिकवायची घरात रीत नव्हती. अकरा वर्षांची झाली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. त्याच वयात, १८७३ च्या डिसेंबरात तिचं लग्न झालं आणि यमुनाची रमा झाली.

नवरा एकतीस वर्षांचा. महादेव गोविंद रानडे हे पुण्यात सबजज्ज होते. विद्वत्तेसाठी त्यांचं नाव झालेलं होतं. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते पुढारी. त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारल्या होत्या. आता बोलल्याप्रमाणं वागतील, विधवेशी विवाह करतील, अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती आणि सनातन्यांना तीच धास्ती होती. सगळ्यात मोठी धास्ती वडिलांना, गोविंदरावांना. त्यांनी घाई करून स्थळ ठरवलं. माधवरावांनी विनवण्या केल्या, मुदत मागितली. वडिलांनी नातं तोडायची भाषा केली आणि मुलगा नमला.

इथं थोडं थांबायला हवं. रानड्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात वादग्रस्त प्रसंग. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आणि ती पुढं जन्मभर पुरली. वडिलांचा शब्द मोडवत नाही, ही भावना एकीकडे. जाहीरपणे मांडलेलं तत्त्व दुसरीकडे. त्यांनी भावनेला कौल दिला. पण त्याची किंमत ज्यांनी मोजायची, त्यांत एक अकरा वर्षांची पोरही होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी नवरदेव कुणाशी धड बोलले नाहीत. जेवले नाहीत. खोलीचं दार लावून बसले. एवढं दुःख, एवढा राग घेऊन माणूस काय करेल? पुष्कळ घरांत तो त्या नव्या मुलीवर निघाला असता. वडिलांवर काढता येत नाही, म्हणून बायकोवर काढायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. माधवरावांनी तो मोडला. त्यांनी तिची चौकशी केली. लिहितावाचता येतं का, ते विचारलं. येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून पाटी हाती दिली.

ज्या लग्नावर त्यांचा राग होता, त्या लग्नातल्या मुलीवर तो काढायचा नाही, हा निश्चय रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया ठरला. मनातली भावना खोटी नसते. पण ती कुणाच्या दारात नेऊन टाकायची, हे आपल्या हाती असतं.

अबोल्याचं घर

सासरी निघताना रमेला वडिलांनी एक गोष्ट बजावली होती. सासरी कितीही त्रास झाला तरी सोसायचा, पण नवऱ्याजवळ चुगली करायची नाही. चुगलीनं घरं काय, राज्यंही बुडतात. आज हा उपदेश ऐकून आपल्याला राग येईल, आणि तो यायलाच हवा. पण रमाबाईंनी तो कसा वापरला, ते पुढं बघू.

पुण्याच्या घरात बायकांचा मोठा गोतावळा होता. सासूबाई होत्या (माधवरावांच्या आई लहानपणीच गेल्या होत्या, या सावत्र), आतेसासू-मामेसासू होत्या, विधवा नणंद दुर्गा होती. रमेचा अभ्यास चालू झाला, तसा या घराचा वारा फिरला. बाईनं पुस्तक धरलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं मानणारा तो काळ. आधी समजावणी झाली. नवरा सांगतो म्हणून लगेच वाचायला बसायचं नसतं, दोनचारदा टाळलं की पुरुष आपोआप नाद सोडतो, असा सल्ला. तो चालेना तेव्हा टोमणे, मग नकला, मग अबोला. घर माणसांनी भरलेलं आणि बोलायला कुणी नाही. मोठं वाचन केलं की नकला होत, म्हणून ती हलक्या आवाजात वाचू लागली. रडू आलं तर एकटीनं रडायचं आणि डोळे पुसून कामाला लागायचं.

रोज रात्री शेजारी बसून शिकवणाऱ्या नवऱ्याजवळ एक शब्द टाकणं तिला सहज जमलं असतं. तिनं तो टाकला नाही. गंमत अशी की, माधवरावांना सारं दिसत होतं. न सांगताही त्यांना कळत होतं आणि त्यांना कळतंय, हे तिलाही कळत होतं. संसारात अशी न बोललेली समजूत कधीकधी बोललेल्या हजार शब्दांहून जास्त आधार देते.

त्या बायकांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. मालिकांत त्या खलनायिका होतात. मला तसं वाटत नाही. दुर्गासारख्या नणंदेकडं पाहा. वैधव्याचं ओझं, स्वतःचं असं काहीच नाही. भाऊ विधवांच्या विवाहावर सभा गाजवणारा, आणि त्याच घरात ही अशी. काल आलेल्या पोरीच्या हातात पुस्तक आणि आपल्या हातात जपमाळ, हे रोज बघणाऱ्या बाईच्या मनात काय होत असेल? तिचा राग रमेवर दिसत होता, पण त्याचं मूळ दुसरीकडं होतं. रमाबाईंनी पुढं आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा या छळाची हकिगत लपवली नाही, मात्र विषही ओकलं नाही. ज्यांच्यामुळं सोसलं त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी ताब्यात ठेवणं किती कठीण असतं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा भरते. कुणी महादेवाच्या डोंगराकडं निघालेला असतो, कुणी ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्याकडं. वाट पुष्कळशी एकच. खांद्याला खांदा लागतो, धूळ दोघांच्याही अंगावर बसते. समोरच्यानं आपला देव मान्य करावा, अशी अट घालून कुणी चालत नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांनाही एवढंच जमायला हवं. पण डोंगराच्या वाटेवर एक दिवस जे साधतं, ते चार भिंतींत वर्षानुवर्षं साधणं महाकठीण.

हिराबागेतली सभा आणि नंतरची रात्र

१८७८ मध्ये बदली होऊन रानडे नाशकाला गेले, मग धुळ्याला. मोठ्या घरापासून दूर, रमाबाईंच्या शिक्षणाला मोकळं वारं मिळालं. इंग्रजी सुरू झालं. पुढं पुण्यात परतल्या तेव्हा त्या घाबरणाऱ्या सूनबाई राहिल्या नव्हत्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि रानड्यांची रमाबाई तिथं जाऊ लागली. घरात पुन्हा वणवा पेटला. सभेला जाऊन आलेल्या बाईला स्वयंपाकघरात शिवायची बंदी झाली.

१८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाची चळवळ उभी राहिली. त्यासाठी झालेल्या सभेत, गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर बावीस वर्षांच्या रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाहेर टाळ्या पडल्या. घरी आल्या तेव्हा वडीलधाऱ्या बायकांनी फैलावर घेतलं. रमाबाईंना बोलल्या, माधवरावांनाही सोडलं नाही. माधवराव ऐकत राहिले, एकाही शब्दानं त्यांनी उत्तर दिलं नाही. मग एकांतात बायकोची समजूत घातली.

बायकोचा अपमान होत असताना नवरा गप्प कसा बसला, असं आजच्या वाचकाला वाटेल. मलाही वाटतं. त्यांचं गणित बहुधा असं असावं: घरातल्या म्हाताऱ्यांना वादात हरवता येईल, पण हरलेली माणसं रमेचं जिणं आणखी कठीण करतील. ती ओरडणार, आपण ऐकणार, आणि उद्या शाळा मात्र निघणार. हे धोरण यशस्वी झालं, शाळा निघाली. पण त्या धोरणाचा रोजचा हप्ता रमाबाई भरत होत्या, हेही विसरता कामा नये.

माधवरावांची शांतता नेहमीच निरुपद्रवी होती, असंही नाही. एकदा घरच्या बायकांच्या आग्रहाला बळी पडून रमाबाईंनी त्यांच्या मनाविरुद्ध एक गोष्ट केली. माधवराव रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. बोलणंच बंद केलं. रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळायची रमाबाईंची रीत होती. त्या चोळत राहिल्या; पुरे, एवढा शब्दही आला नाही. शेवटी त्यांना रडू कोसळलं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. न बोलणाऱ्याशी काय करायचं? पुष्कळ सभ्य घरांत हे हत्यार वापरलं जातं आणि वापरणाऱ्याला वाटतं की आपण किती संयमी! एवढ्या मोठ्या माणसाच्या हातीही ते होतं, हे रमाबाईंनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, हे आपल्यावर उपकार आहेत. संयम आणि शिक्षा बाहेरून सारखेच दिसतात. फरक पलीकडच्या माणसाला विचारावा.

न्हाव्याची शिकवणी, आंब्याच्या फोडी

हे सगळं वाचून त्या घरात हसू नव्हतंच, असा समज व्हायला नको. सरकारच्या फायनान्स कमिटीवर रानड्यांची नेमणूक झाली, तेव्हा १८८६-८७ च्या सुमारास दोघं सिमल्याला, कलकत्त्याला राहिली. कलकत्त्यात दारावर बंगाली वर्तमानपत्र विकायला माणूस आला. आपल्याला वाचता येत नाही तर घ्यायचं कशाला, म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठवलं. माधवरावांना ते लागलं. ज्या प्रांतात राहायचं तिथली भाषा येऊ नये, याची त्यांना लाज वाटली. झालं, पुस्तकं आली, शिकवणी सुरू झाली. एके सकाळी आतून रमाबाईंना बोलण्याचा आवाज आला. पाहतात तर हजामतीला बसलेले जज्जसाहेब हाती पुस्तक धरून मोठ्यानं वाचताहेत आणि न्हावी वस्तरा चालवता चालवता उच्चार दुरुस्त करतोय. रमाबाईंनी या नव्या गुरूवरून यजमानांची भरपूर थट्टा केली. माधवरावांनी ती हसून घेतली. टोमण्यांनी भरलेल्या घरातून आलेल्या बाईला थट्टा करता येणं आणि थोर नवऱ्याला ती घेता येणं, ही त्या संसाराची मोठीच कमाई म्हणायची.

आंब्याची गोष्ट तर पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. स्नेह्यांनी उत्तम आंबे पाठवले. रमाबाईंनी फोडी करून दिल्या. माधवरावांनी एकदोन खाल्ल्या आणि हात धुतले. आंबा चांगला नाही का, की प्रकृती बरी नाही, रमाबाईंना कळेना. आंबा फार गोड आहे, म्हणूनच थांबलो, असा त्यांच्या उत्तराचा आशय. जिभेला थांबायची सवय असावी. ही सवय त्यांनी देवघरात नाही, जेवणाच्या ताटावर लावून घेतली होती. आवडीच्या फोडीपाशी थांबणारी जीभ रागाच्या वाक्यापाशीही थांबू शकते. भावनांवर ताबा मिळवायचा तो भांडणाच्या ऐन भरात मिळत नाही. त्याची तालीम साध्या, बिनमहत्त्वाच्या वेळी करून ठेवावी लागते.

न प्यालेला चहा

१८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळकही होते. नावं छापून आली आणि गावभर गहजब झाला. धर्मपीठापर्यंत प्रकरण गेलं, बहिष्काराच्या गोष्टी सुरू झाल्या. रमाबाईंच्या आठवणीप्रमाणं माधवरावांनी तर तो चहा घेतलाही नव्हता. तरी त्यांनी खुलासा केला नाही. आपण नामानिराळं व्हायचं आणि बाकीच्यांना कोंडीत सोडायचं, हे त्यांना पटलं नसावं.

पुढं १८९२ मध्ये मित्रांच्या घरातले कार्यप्रसंग अडू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक पुन्हा चिडले. या वेळी रमाबाईही नाराज झाल्या. न केलेल्या गोष्टीचं प्रायश्चित्त कशाला, हे त्यांना समजेना. अक्षरं गिरवणारी मुलगी आता नवऱ्याच्या निर्णयाशी मतभेद ठेवू शकत होती आणि तो पुढं पुस्तकात नोंदवूही शकत होती. माधवरावांचं करणं बरोबर की चूक, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. मला त्यात त्यांचं १८७३ चं रूप दिसतं. जवळच्या माणसाचा जीव तुटताना पाहिला की हा माणूस तत्त्वापासून एक पाऊल मागं येत असे. तो त्यांचा कमकुवतपणा होता असं म्हणा, की मोठेपणा होता असं म्हणा. पण तो त्यांचा स्वभाव होता, आणि रमाबाईंनी त्यांना त्या स्वभावासकट स्वीकारलं होतं.

सस्पेन्स खातं

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दिवस मानाचे होते, पण हृदयविकारानं गाठलं. १९०० च्या डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद होती. ती त्यांच्या जिवाची संस्था. ऐनवेळी प्रकृतीमुळं जाता आलं नाही आणि ते फार खंतावले. दुखणं किती पुढं गेलंय, हे ते बायकोला सांगत नव्हते. आपल्याला कळलंय, हे ती त्यांना दाखवत नव्हती. दोघंही एकमेकांसाठी रोजचा दिनक्रम सुरळीत ठेवत होती. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री ते गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्याही नव्हत्या.

मुंबईचं बिऱ्हाड मोडून त्या पुण्याच्या घरी आल्या आणि वर्षभर जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. या वर्षाबद्दल चरित्रकार फारसं लिहीत नाहीत. पण मला ते महत्त्वाचं वाटतं. लगेच कामाला लागून दुःख विसरण्याचा आव त्यांनी आणला नाही. दुःखाला त्याचा वेळ दिला.

बँकेत आम्हा लोकांच्या वहीत सस्पेन्स खातं नावाचं एक खातं असे. एखादी रक्कम आली, पण ती कुठल्या खात्यात घालायची हे त्या दिवशी कळलं नाही, की ती तिथं ठेवायची. ती रक्कम खोटी नसते, हरवलेलीही नसते. मात्र ती तिथं कायमची ठेवता येत नाही. योग्य खातं शोधून ती तिथं वळती करावी लागते, नाहीतर तपासणीला आलेला अधिकारी नोंद दाखवून जाब विचारतो. रमाबाईंनी आपल्या अपमानाचं, रागाचं, दुःखाचं असंच केलं. ते नाकारलं नाही, भलत्याच्या नावावरही टाकलं नाही. योग्य खातं सापडेपर्यंत जपून ठेवलं.

ते खातं पुढं सापडलं. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्रीकैद्यांना भेटायला त्या जाऊ लागल्या; ज्यांच्याशी घरचे बोलत नाहीत, अशा बायकांशी बोलत बसू लागल्या. अबोल्याचं घर ज्यांनी सोसलं होतं, त्यांना ते दुःख वेगळं समजावून द्यावं लागलं नसेल. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघालं, १९०९ मध्ये पुण्यात. प्रौढ बायका, विधवा, टाकलेल्या बायका अक्षरं शिकू लागल्या. ज्यांना कुणी हात लावू देत नव्हतं त्या नर्सिंग शिकून रुग्णांची सेवा करू लागल्या. घरात दुर्गेसारख्या बायकांना जे मिळालं नाही, ते दारोदारच्या दुर्गांना मिळावं, असाच तो उद्योग होता. पुण्यात मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या, मोर्चाच्या पुढं चालल्या. स्वयंपाकघरातल्या टोमण्यांना उत्तर न देणारी ही बाई भर सभेत मात्र गप्प बसली नाही. १९१० मध्ये त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं. गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. १९२४ मध्ये त्या गेल्या.

या चरित्रातून सुनांनी सोसावं, असा धडा कुणी काढणार असेल तर तो रमाबाईंवर अन्याय होईल. त्यांच्या सोसण्याला एक दिशा होती, रोज वाढणारं ज्ञान होतं, आणि शेजारी बसून शिकवणारं एक माणूस होतं. यातलं काहीच नसताना नुसतं सोसायला सांगणं म्हणजे संयमाचा उपदेश नव्हे, तो निव्वळ जुलूम. वडिलांनी दिलेला चुगली न करण्याचा उपदेश त्यांनी पाळला. पण सगळी हकिगत अखेर आपल्या नावानं छापून लोकांपुढं ठेवली. तेव्हा गप्प राहणं हा त्यांचा शेवटचा शब्द कधीच नव्हता.

राग बोलावा की गिळावा, याचं एका वाक्यातलं उत्तर त्यांच्याकडंही नाही. कुणाजवळ बोलावा, केव्हा बोलावा आणि त्यातून काय उभं करावं, एवढं मात्र त्या दाखवून गेल्या. पुण्याचं सेवासदन आजही उभं आहे. तिथल्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीला हे काही माहीत नसेल. नसू दे. ती मोठ्यानं वाचते आहे आणि तिला कुणी हसत नाही.